पडवीतलं दुसरं घोंगडं

चैत्र वद्य अष्टमी

“आता तुह्या कुशीत काही ठरत नाही, बाई. जे हाय त्याले जप.” सोजराबाई सुईण हे बोलली तेव्हा मी बाजेवर होते. दुसरी मुलगी झाली होती आणि पहिलीसारखीच राहिली नव्हती. माझा लहानगा उत्तम दारात उभा राहून गूळ मागत होता. वाक्य कडू होतं, पण त्यात करायचं काम सांगितलेलं होतं आणि मी ते केलं. जे होतं त्याला जपलं. आता उत्तम मोठा झाला, मलकापूरला कापसाच्या जिनात कारकून आहे, त्याची बायको आशा माझ्याजवळ उंद्रीला असते, आणि मला काही कमी आहे असं खरंच वाटत नाही.

हे वाक्य आज आठवलं, कारण आज मी न्हाले. या खेपेचं बाहेर बसणं नुसतं नावाचं होतं. पहिल्या दिवशी लुगड्याला जेमतेम डाग, तोही फिका, गुलाबीसर. मग काहीच नाही. पण आमच्या घरात एकदा डाग दिसला की न्हाणीमागच्या पडवीत घोंगडं टाकायचं आणि चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घ्यायचं. किती, कसं, हे कोणी विचारत नाही. बसली म्हणजे झालं. माझ्या वयाला हे आता असंच कमी कमी होत सरणार. सरू दे.

चुकल्यासारखं वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. पडवीतलं दुसरं घोंगडं रिकामं राहिलं. आशा या घरात आल्यापासून आम्हा दोघींची पाळी एक-दोन दिवसांच्या मागंपुढं येते. तिथे कडुलिंबाखाली आम्हाला कोणी काम सांगत नाही. आशा वाचते, मी ऐकते. रोज चार ओळी लिहायची सवयही तिनेच तिथे लावली. रुखमाबाई, म्हणजे यांची थोरली बहीण, आमची आक्का, लांबून भाकरी सरकवताना म्हणते, “भरली का सासूसुनेची जत्रा?” आक्का लहानपणी विधवा झाली. या घराचं खरं सरकार तीच.

या खेपेला आशा आली नाही. आक्काच्याही ते ध्यानात आलं आहे, भाकरी सरकवताना तिने जत्रेचं नाव काढलं नाही.

चैत्र अमावास्या

अजून नाही.

आशा सातवी पास आहे. अमरावतीला मास्तरीण होण्याचा वर्ग आहे, त्यात तिला जागा मिळाल्याचा हुकूम नागपूरच्या शाळाखात्याकडून फाल्गुनातच आला. दोन वर्षं तिथेच राहायचं. परत आली की आमच्याकडेच मुलींची शाळा निघेल असं तालुक्याचे साहेब म्हणाले आहेत. उत्तम राजी आहे. हेही राजी झाले, पण यांनी एक अट घातली आणि ती वर्गाचीही आहे. “गेली तर जाऊ द्या,” हे म्हणाले, “पण दोन जिवांनं जाऊ नये. तशी बाई ते ठेवूनही घेत नाहीत.”

म्हणजे आता सगळं त्या घोंगड्यावर येऊन थांबलं. ते पसरलं तर पोर अमरावतीला जाईल, नाही पसरलं तर पाळणा बांधायचा.

आणि मला काय हवं आहे? कोणी विचारलं तर सांगेन की तिचं भलं. पण काल दुपारी फडताळ आवरताना उत्तमचं जुनं झबलं हाती लागलं आणि मी ते दोनदा घडी घातलं. नातू हवा आहे. आशाने जावं हेही हवं आहे. एकाच तोंडाने दोन्ही मागता येत नाही, म्हणून मी देवासमोर नुसती हात जोडून उभी राहते आणि काय ते त्याने समजून घ्यावं म्हणते.

वैशाख शुद्ध तृतीया, आखाजी

पितरांचा मातीचा करा आशाने भरला. आज ती बाहेर बसली असती तर करा आक्काला भरावा लागला असता. तो आशाने भरला, म्हणजे सगळ्या घराला कळलं. आक्काने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पुरणपोळीवर तुपाची धार जास्त सोडली.

आशाने अर्धी पोळी खाल्ली. भूक नाही म्हणाली. गेले कित्येक दिवस तिचं हेच चाललं आहे. सकाळी काही घेत नाही, संध्याकाळी दोन घास. तोंड उतरलं आहे. आक्का म्हणते ही लक्षणं उघड आहेत. “मला भूक नाही म्हणते. आमच्यात मले म्हणतात, अन् भूक असते.” आशा लोणारकडची, तिकडची बोली आणि शाळेचं वळण, आक्काला तिच्या ‘मला’चं हसू येतं.

मी मात्र चार पोळ्या खाल्ल्या आणि जेवल्याजेवल्या झोपले. यांनी येऊन विचारलं, “अवो, बरं नाही का?” मला लाज वाटली. उन्हाळा फार आहे.

वैशाख शुद्ध नवमी

आज कुरड्या घातल्या. गहू भिजत घातले होते ते चांगले आंबले होते. वाटून चीक शिजवायला ठेवला. गरम चीक दूध-गूळ घालून खायचा, ही माझी लहानपणापासूनची चैन. पण आज झाकण काढलं आणि तो आंबूस वास नाकात गेला तशी पोटातून उमाळा आला. परसात जाऊन ओकले. गव्हातच खोट असणार. आक्काला तसं म्हटलं तर ती म्हणाली, “गहू मागच्या साली होता तोच हाय.” मग डोक्याला पदर बांधून मी गच्चीवर कुरड्या घालायला बसले. वर वारा होता, बरं वाटलं.

संध्याकाळी सोजराबाई आली. आक्कानेच बोलावलं. म्हातारी झाली, पण हात तसेच, गरम. तिने आशाला बाजेवर निजवलं, पोट चाचपलं, डोळ्यांच्या कडा पाहिल्या, छाती दुखते का, कंबर धरते का, विचारलं. आशा प्रत्येक प्रश्नाला थोडं थोडं म्हणाली. बिचारी कोरड्या ओठांनी वर आढ्याकडे पाहत होती.

“एवढ्या लवकर कसं सांगू?” सोजराबाई म्हणाली. आक्काने आग्रह धरला तेव्हा ती चुलीजवळ बसून समजावू लागली, आणि ते मी इथे लिहून ठेवते कारण ते मला पटलं. “महिन्याचं येणार असलं तरी छाती भरते, कंबर दुखते, डोळ्यात पाणी येते, आंबट खावं वाटते. दिवस राह्यले तरी तेच. सुरुवातीले दोघींचं तोंड सारखंच असते. पण महिन्याचं दुखणं महिना आला की उतरते. दुसरं उतरत नाही. चढत जाते.”

म्हणजे आता आशाचं उतरतं की चढतं ते पाहायचं.

जाताना सोजराबाईला लोणच्यासाठी चिरलेल्या कैऱ्या द्याव्या म्हणून टोपली पाहिली, तर निम्मी. मीठ लावून ठेवलेल्या फोडी मी येता-जाता खाते हे मला ठाऊक होतं, पण निम्मी टोपली होईपर्यंत खाल्ल्या हे नव्हतं.

वैशाख शुद्ध द्वादशी

चोळ्या आखूड झाल्या. शिंपी नवा आहे, त्याने कापड वाचवलं असेल. पण जुन्याही काचतात, आणि कुशीवर निजलं की छाती दुखते. वय झालं की अंग असं भलत्या जागी सुटतं म्हणतात.

आशा जरा हसली आज. यांनी आंब्याची डाली आणली आणि म्हणाले, “हुकूम नागपूरचा, गाडी मलकापूरची अन् पोरगी आपली. पाहू कोण जिंकते.” तिने आंबा घेतला नाही.

वैशाख पौर्णिमा

माझीही वेळ जवळ आली, पण काही चिन्ह नाही. मी त्याची वाटच पाहत नव्हते. मागच्या खेपेला निरोप घ्यायलाच आलं असेल.

पहाटे दोनदा उठावं लागतं. गार माठातलं पाणी फार पिते म्हणून. माठ नवा आहे. त्याच्या मातीचा वास इतका गोड आहे की पाणी प्यायल्यावरही मी माठाजवळ उभी राहते. आज कोणी पाहत नाही असं बघून माठाला जीभ लावली. बेचाळिशीत पोरकटपणा येतो असं ऐकलं नव्हतं.

वैशाख वद्य तृतीया

आशा बाहेर बसली.

सकाळी मी दूध तापवत होते. ती न्हाणीकडून आली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. आत आली नाही. नुसती उभी. तिच्या तोंडावर इतकं हसू होतं आणि डोळ्यांतून इतकं पाणी, की मला कळलंच. आक्काने घोंगडं फेकलं.

दुपारी मी न्हाणीच्या पायरीवर, शिवायचं नाही तेवढं अंतर ठेवून बसले. तेव्हा तिने सांगितलं. तिने देवीला नवस बोलला होता, जायला मिळेपर्यंत एकभुक्त राहीन, आणि त्या एका वेळीही अर्ध्या पोटाने उठायचं. हुकूम आला त्या दिवसापासून. भीतीने झोपही नव्हती. उत्तमला लहानपणी मोठा ताप आला होता तेव्हा मीही असंच अन्न सोडलं होतं आणि माझंही त्या वेळी फार उशिरा आलं होतं. उपाशी शरीर आपलं येणं-जाणं थांबवून ठेवतं. हे मला माहीत होतं, आणि तरी पोरीच्या उतरलेल्या तोंडात मला नातूच दिसत होता.

थोडं वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू? झबलं फडताळात पार मागे सारलं. पण तिला भाकरी आणि ठेचा सरकवला तेव्हा ती ज्या तऱ्हेने जेवली ते पाहून सगळं विसरले.

शेजारी दुसरं घोंगडं तिनेच पसरून ठेवलं होतं.

“आत्याबाई, तुम्ही कधी येता?”

मी म्हटलं, माझं आता सरलं, पोरी. ती हसली. मग हसता हसता थांबली. मागच्या खेपेला मी बसले होते तेव्हा नीट झालं होतं का, असं तिने विचारलं. मी खरं ते सांगितलं, फिका डाग, एकच दिवस. तिने आणखी विचारलं, चीक त्या दिवशी का ओकला, कैऱ्या कोणी संपवल्या. मी म्हटलं ही वकिली अमरावतीला जाऊन कर. ती माझ्याकडे फार वेळ पाहत राहिली. वाचायला लावलं तर एकच ओळ दोनदा वाचली.

वैशाख वद्य सप्तमी

आशा न्हाली. केस वाळवत असताना यांनी ओट्यावरून हाक मारून सांगितलं की जायचं नक्की, ज्येष्ठात उत्तम येऊन मलकापूरला नेईल आणि तिथून आगगाडीने पोचवून येईल. आशा “बरं मामंजी” म्हणाली. मला वाटलं होतं नाचेल.

तिने माझ्या हातून पाण्याची घागर काढून घेतली. दोनदा. आक्का म्हणाली, “जायच्या आधी चांगली झाली.”

वैशाख अमावास्या

आशाची ट्रंक मी स्वतः भरली होती. दोन नवी लुगडी, घोंगडी, शेंगदाण्याचे लाडू, लोणच्याची बरणी कापडात गुंडाळून. आज पाहते तर लुगडी वलणीवर, बरणी फडताळात, पुस्तकं कोनाड्यात. ट्रंक रिकामी आणि तिच्यावर कुरड्यांचा डबा.

मी विचारलं. म्हणाली, जाणार नाही, मन नाही. मला कळेना. नवसाने उपाशी राहणारी पोर, आता मन नाही? उत्तमने काही लिहिलं का? आक्का बोलली का? तिने मान हलवली. नव्या गावाची भीती वाटत असेल. मलाही लग्न होऊन इथे येताना वाटली होती.

रागावले. रागावताना चक्कर आली आणि खाली बसले. तिने धरलं, पाणी दिलं, आणि पदराने माझं तोंड पुसताना तिचाच चेहरा असा झाला की रागावलेलं मीच विसरले. आजकाल ही पोर माझ्याकडे मी काचेची असल्यासारखी पाहते.

ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी

सोजराबाईला आज आशाने बोलावलं. आक्काने नाही, आशाने. मला वाटलं तिला स्वतःला दाखवायचं असेल. सोजराबाई आली आणि म्हणाली, “मनकर्णाबाई, निज.”

मी हसले. निजले. तिचे गरम हात ओटीपोटावर आले, हाडाच्या जरा वर थांबले, पुन्हा चाचपले. तिने छाती पाहिली, डोळे पाहिले. किती दिवस मळमळतं, विचारलं. मी म्हटलं उन्हाळा आहे. लघवीला किती वेळा उठते, विचारलं. मी म्हटलं नवा माठ आहे. माती खावीशी वाटते का, विचारलं. तेव्हा मी माठाकडे पाहिलं.

“उतरलं का यातलं काही?”

चीक, कैऱ्या, चोळ्या, झोप. इतके दिवस मी आशाच्या तोंडावर जे शोधत होते ते माझ्या अंगात चढत होतं, आणि मी ते रोज इथे आपल्या हाताने लिहीत होते.

“पण मी बसली होती,” मी म्हटलं. “चैत्रात. आक्काले विचारा.”

“बसली होती, पण नुसती बसलीच होती,” सोजराबाई म्हणाली. “कधी कधी गर्भ ठरताना असा थेंब दाखवून जातो. तू घोंगडं टाकलं अन् घरानं महिना धरला.”

मग ती बराच वेळ माझा हात धरून बसली. तिलाही ते वाक्य आठवत होतं. “म्या म्हणलं होतं तुह्या कुशीत काही ठरत नाही. चुकली मी. आता म्हातारपणी मले खोटी पाडते का वं तू?” असं म्हणून ती रडली आणि मीही रडले. आशा दारात उभी होती, उत्तम उभा राहत असे त्याच जागी.

ज्येष्ठ शुद्ध सप्तमी

यांना आक्काने सांगितलं. हे टोपी न घालताच शेतात गेले आणि अंधार पडेपर्यंत आले नाहीत. आले ते पदरात भरपूर बोरं आणावी तसे धोतराच्या सोग्यात जांभळं घेऊन. माझ्यासमोर ठेवली, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि म्हणाले, “उत्तमले कसं सांगावं? मले नाही जमत.” पन्नाशीच्या माणसाचे कान इतके लाल होतात हे मी पहिल्यांदा पाहिलं.

आक्का दिवसभर टोचते. “सुनेची ओटी भरायची वाट पाहून राह्यली होती. आता तुहीच भरू का?” पण काल तिने माझ्या हातची चूल काढून घेतली आणि तुपात भाजलेला डिंक बशीत आणून ठेवला. ही तीच आक्का.

भीती आहे. मागची मुलगी राहिली नव्हती. माझं वय आहे. रात्री ते सगळं डोळ्यांसमोर येतं. पण सकाळी उठून ओकले की हसू येतं. गावाला काय तोंड दाखवायचं, ही लाजही आहे, आणि तिच्या खाली काहीतरी गरम, मऊ, ज्याला मी अजून नाव दिलेलं नाही.

ज्येष्ठ शुद्ध दशमी

आता ट्रंकेचं कोडं राहिलं नाही. आशाला पडवीतच कळलं होतं. त्या दुसऱ्या घोंगड्याकडे बघता बघता कळलं होतं. सोजराबाईखेरीज कोणाला बोलली नाही आणि गुपचूप लुगडी वलणीवर टाकली. आज विचारलं तर सरळ म्हणाली, “तुमच्याजवळ कोणी तरी पाहिजे. वर्ग पुढच्या साली असेल.” पुढच्या साली हुकूम येईल की नाही ते ना तिला माहीत ना मला. आणि पुढच्या साली ती स्वतः मोकळी असेल का?

मी आक्काजवळ गेले. काय करू, विचारलं. आक्का भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तिले जाऊ दे. मी काय मेली?” एवढंच. पण आक्काने भाजी टाकून देठ टोपलीत ठेवले, त्यावरून तिच्या मनात काय चाललं ते कळलं.

यांनाही म्हटलं. हे म्हणाले, तिचं ती ठरवेल, तुह्या शब्दाबाहेर ती नाही. पण याच गोष्टीत ती माझ्या शब्दाबाहेर आहे, आणि ती तशी आहे म्हणूनच मला इतकी प्रिय आहे.

दुपारी ती विहिरीवर गेली तेव्हा मी ट्रंक पुन्हा भरली. लुगडी, घोंगडी, लाडू. लोणच्याची बरणी मी निम्मी करून ठेवली आहे, त्याला इलाज नाही. पुस्तकं वर ठेवली. सगळ्यांत वर, उत्तमचं झबलं ठेवू की नको असा विचार केला, आणि नाही ठेवलं. ते आता इथे लागणार.

ती येईल, ट्रंक पाहील, उघडेल आणि एकेक वस्तू पुन्हा बाहेर काढू लागेल. मी सगळं समजावीन. आक्का आहे, सोजराबाई आहे, हे आहेत. ती नाही म्हणेल. पुन्हा सांगेन, पुन्हा नाही म्हणेल. मी तिला ओळखते. तरी आज मागणारच आहे, आणि असंच मागणार आहे:

आशा, माझं एवढं एक ऐक. मले सोडून जा.